सुभद्रामावशीने मागितलेला हंडा

भाजत्या हुलग्याचा खरपूस, किंचित मातकट गंध हवेत पसरला की माझ्या डोळ्यांपुढे सुभद्रामावशीचे हात उभे राहतात. उन्हाने रापलेले, नखांच्या कडांना पीठ चिकटलेले, काम नसतानाही बोटे मिटून बसणारे हात. तिचा चेहरा आता धूसर झाला आहे. हात मात्र तसेच आहेत.

त्या वर्षी आष्टीकडच्या माळांवर पाऊस फिरकलाच नाही. माघातच विहिरींचे तळ उघडे पडले आणि पानगळीने विरळ झालेल्या झाडांखालून ऊन थेट जमिनीवर उतरू लागले. दूध संस्थेने कडा गावच्या रस्त्याला जनावरांसाठी चारा छावणी उघडली. माझा नवरा ऊसतोडीला गेला होता. दोन बैल आणि एक गाय घेऊन वृद्ध सासऱ्यांसोबत मी त्या छावणीत आले, तेव्हा मला पाचवा महिना लागला होता आणि अन्नाचा कण पोटात ठरत नव्हता.

टँकरचे पाणी जनावरांसाठी होते. माणसांना कुटुंबामागे एक घागर मिळे. त्यात पिणेही आणि रांधणेही. म्हणून छावणीतल्या सगळ्या बायका भाकरी आणि वाटलेली मिरची एवढ्यावरच दिवस काढत. मी माझी भाकरी सासऱ्यांची नजर चुकवून गायीपुढे टाकत असे. शेजारच्या पालातल्या सुभद्रामावशीने ते पाहिले. ती पन्नाशीची, विधवा. मुलगा आणि सून कारखान्याच्या उसावर गेलेले, आणि ही एकटी दोन म्हशी घेऊन आलेली. तिने मला समजावले नाही, रागावलीही नाही. तुला काय खावंसं वाटतं, एवढेच विचारले.

जिथे जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, तिथे आपल्या जिभेची इच्छा बोलून दाखवणे मला लाजिरवाणे वाटले. तिने दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा विचारले, तिसऱ्याही. चौथ्या संध्याकाळी मी खाली मान घालून म्हणाले, आईच्या हातचे शेंगोळे. मग आई ते कसे करायची, हे मावशीने मला सविस्तर सांगायला लावले. हुलग्याच्या पिठात लसूण, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचे, तळहाताखाली लांब वळून कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. सांगता सांगता कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडाला पाणी सुटले.

पण शेंगोळ्यांना पाणी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी संस्थेच्या चेअरमनांपुढे जाऊन उभी राहिली आणि बायकांच्या रांधण्यासाठी रोज एक हंडा जास्तीचा मागितला. त्यांनी समजुतीने सांगितले की पाणी जनावरांच्या हिशेबाने येते. एकीला दिले तर सगळ्याच मागतील. मावशी म्हणाली, सगळ्यांसाठीच मागते आहे. ते कामाला लागले. ती टँकरच्या सावलीतही न बसता दुपारपर्यंत तिथेच उन्हात उभी राहिली. शेवटी तेच परत आले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "चेरमनसाहेब, जनावराच्या तोंडचं मागत न्हाई मी. पर बाया अशाच वाळल्या, तर ह्या जनावरांना चारा टाकायला कोण उभं राहील?"

त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग पाण्याच्या रांगेतल्या आम्हा बायकांकडे. हंडा मिळाला.

त्या संध्याकाळी आम्ही छावणीतल्या आठहीजणी एका चुलीभोवती बसलो. कुणाच्या गाठोड्यातून हुलग्याचे पीठ निघाले, कुणाकडून लसणाच्या चार पाकळ्या. मावळतीचा प्रकाश पितळीच्या काठावर स्थिरावला होता आणि आठ तळहातांखाली शेंगोळे वळले जात होते. मी दोन वाट्या खाल्ले आणि ते पोटात राहिले. सासऱ्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मग तो नेमच झाला. दिवेलागणीला एकीने आपल्या घरचे आवडते जेवण सांगायचे, आणि बाकीच्यांनी जे असेल ते आणायचे. गोदावरीने येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी सांगितली. कुणी वाळवलेल्या गवारीची भाजी, कुणी कांदा घातलेले धपाटे. एकीने पुरणपोळी म्हटले तेव्हा सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. "व्हईल," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून तिने पालापालातून मूठमूठ डाळ, खडाखडा गूळ जमवला, आणि होळीला आमच्यातल्या प्रत्येकीच्या हातावर अर्धी अर्धी पोळी ठेवली. दुष्काळ तसाच होता. त्याच्यापुढे आमची मान तेवढी वर झाली होती.

ज्येष्ठात माझी मुलगी सुखरूप जन्मली. पुढे छावणी उठली आणि आम्ही आठ दिशांना विखुरलो.

तीन वर्षांनी मुलीला घेऊन मी मावशीच्या गावी गेले. दारात तिची सून भेटली. मावशी आदल्याच हिवाळ्यात उसाच्या फडावर तापाने गेली, असे तिने सांगितले. मी उंबऱ्यावरच बसले. तिने पाणी दिले, माझे गाव विचारले, आणि मी छावणीतली हे कळताच ती जवळ सरकून बसली. आत्याबाई घरी काहीही रांधताना ते कुणी शिकवले हे नावानिशी सांगत, म्हणाली. तिने आम्हा बाकीच्या सातजणींना कधी पाहिले नव्हते, तरी सगळ्या तिला ठाऊक होत्या. मग तिने विचारले, "येसरवाल्या गोदावरीबाई कशा हायत आता?"

मला माहीत नव्हते. जिच्या मांडीला मांडी लावून मी चार महिने जेवले, तिची खबर मी कधी घेतली नव्हती. आणि जिने तिला कधी पाहिले नाही, ती मात्र काळजीने विचारत होती. काळ माणसांना दूर नेतो असे आपण म्हणतो, पण त्यातले पुष्कळसे अंतर आपणच चाललेले असतो. आणि गेलेले माणूस मात्र आपल्या जागी बसून सगळ्यांची आठवण ठेवत राहते.