शेवटचा पाव फेरा

बाबांना गाडीतलं सगळं कळतं आणि घरातलं काही कळत नाही, असं आई म्हणायची. आई गेली आणि हे तोंडावर म्हणणारं कोणी उरलं नाही. बारकी ते मनातल्या मनात म्हणायची. बारकी म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. चाळिशी उलटली, कानापाशी केस पांढरे झाले, तरी घरात बारकीच.

गाडी बरेच दिवस धक्के खात होती. चढ आला की दम लागल्यासारखी मध्येच अडायची. याच गाडीतून बारकी सकाळी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला जायची आणि दुपारी बाबांना हाताच्या व्यायामाला दवाखान्यात न्यायची. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता.

"स्पार्क प्लग गेलेत," बाबा म्हणाले होते. "बदलून टाक. गाडी नीट झाली की तुझ्या नावावर करून टाकू."

बाबांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे घरात सगळ्यांना पाठ होतं. 'करून टाकू' हे बारकीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वेडीला ते खरंच वाटलं.

सुट्टीच्या सकाळी इंजिन गार असतानाच तिने बॉनेट उघडलं. शेजारी बाबा खुर्ची टाकून बसले. सायकलच्या पंपाने तिने प्लगच्या खाचांतली धूळ उडवली.

"वायर ओढू नकोस, प्लगवरची टोपी धर."

"माहितीय, बाबा."

"माहितीय म्हणणारेच वायरी तोडतात. आणि एका वेळी एकच काढ."

लहानपणी याच अंगणात ती बाबांसाठी टॉर्च धरून उभी राहायची. दादा तेव्हा हमखास खेळायला पळालेला असायचा. पुढे टॉर्च सुटला, हातात पाना आला, सगळं काम आलं. फक्त शेवटचा पाव फेरा आला नाही. नवा प्लग बोटांनी जाईल तितका आत बसवायचा आणि मग पान्याने पाव फेरा, बस. कमी पडला तर प्लग सैल राहून कधीतरी बाहेर उडणार, जास्त झाला तर आटे गेले. तो पाव फेरा बाबांचा. "तो हात उपजत असावा लागतो, तुला नाही जमायचं," ते म्हणायचे. आजही प्रत्येक प्लगला ते खुर्चीतून उठले, थरथरता हात पान्यावर ठेवला, आणि बारकीने खालून आधार दिला. जोर सगळा तिचाच होता.

तीन प्लग झाले. चौथा तिने बोटांनी बसवला आणि पाना पुढे केला, तेवढ्यात फाटकाशी भाड्याची गाडी थांबली. दादा उतरला. मोकळ्या हाताने आला होता, आणि भाड्याची गाडी त्याने परत पाठवून दिली. बारकीला तिथेच समजायला हवं होतं.

"झाली का तयार?" दादाने विचारलं. "संध्याकाळच्या आत घरी पोचायचंय. मुलांना क्लासला सोडायचं म्हणजे तुमच्या सुनेची फार धावपळ होते, बाबा."

"होतेच आहे, एवढंच राहिलंय," बाबा म्हणाले, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच काठी न घेता फाटकापर्यंत चालत गेले.

"काय ठरलंय?" दोघं गाडीपाशी आल्यावर बारकीने विचारलं.

बाबा इंजिनाकडे बघत बोलले. "अगं, त्याचा संसार आहे. पोरंबाळं आहेत. तुझं काय, एकटा जीव, बसने जाशील."

"तुम्ही म्हणाला होतात, माझ्या नावावर."

"म्हणालो असेन. धक्के खाणारी गाडी त्याच्या गळ्यात कशी मारायची?"

म्हणजे नीट करायची होती ती दादासाठी. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. पण इथे बीळ खणायला तिलाच बसवलं होतं, आणि ती गुणगुणत खणत होती. बारकीला संतापाने रडू आलं. तिने पाना पुन्हा पुढे केला.

"चौथा प्लग राहिलाय," ती म्हणाली. "तुमचा पाव फेरा."

बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ते दादाला टायर दाखवत होते. "दे की तूच. तुला सगळं येतं."

हे ऐकायला ती लहानपणापासून थांबली होती. असंच सोडून द्यावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. सैल प्लग, लांबचा रस्ता. कोणाला कळणार होतं? पण खोटं काम करायला तिचा हात धजेना. तिने पाना लावला आणि पाव फेरा दिला. ना कमी, ना जास्त. टोपी दाबून बसवली, बॉनेट लावलं.

पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. एकही धक्का नाही. दादाने काच खाली करून "थँक्यू हं, बारके" म्हटलं आणि निघून गेला. बाबा वळणापर्यंत हात हलवत राहिले, तो थरथरणाराच.

मग ते खुर्चीत बसले आणि जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, उद्या मला व्यायामाला कसं नेणार तू?"

बारकीने पाना त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आता दादाच नेईल," ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.