पालाझ्काची पांढरी भिंत

आमच्या पेत्रिकिव्का गावात ज्या घरातलं माणूस मरतं, त्या घराची भिंत त्या वर्षी नुसती पांढरी ठेवतात. बाकी सगळ्या घरांवर ईस्टरच्या आधी बायका फुलं काढतात. माझी शेजारीण पालाझ्का दर वर्षी काढायचीच. तिचा तिमिश जर्मनांशी लढायला गेला त्याला पाच वर्षं झाली होती, ना पत्र ना निरोप. तरी वसंत आला की ही बाई मांजराच्या केसांचा कुंचला घेऊन भिंतीपुढे उभी! हात सोन्याचा होता, खोटं कशाला बोलू. जीभ मात्र अशी, की कुत्रंही लांबून जावं.

ती जीभ ऐकून घेणारी एकच होती, तिची सून, तिमिशची बायको वुस्त्या. पिंपं बनवणाऱ्या साव्काने तिला मागणी घातली होती. पण पाद्रीबाबा म्हणाले, "तिमिशची आई अजून घर रंगवते आहे. मग मी त्याच्यासाठी मृताची प्रार्थना कशी म्हणू? आणि ती झाल्याशिवाय तुझं लग्न कसं लावू?"

"काकू, तुम्हीच सांगा, मी काय भिंतीशी संसार करू?" विहिरीवर वुस्त्या माझ्यापुढे रडली.

"सासूला समजावून बघ."

"बघितलं. म्हणाल्या, 'जर्मनांना जमलं नाही ते करायला तू निघालीस होय गं?'"

मला तिची कीव आली. पुढे तिने जे केलं ते मला आवडलं नाही, पण कीव आली हे खरं.

ईस्टरच्या पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन चर्चला गेलं. आपल्या पोरीला ताप आहे असं सांगून वुस्त्या घरी राहिली. ओरिष्काला कसला ताप, पाच वर्षांची पोर अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. आम्ही उजाडताना परतलो, तर वुस्त्या कोपरापर्यंत चुन्याने माखलेली, आणि भिंतीला नुकताच हात दिलेला.

ओला चुना लगेच झाकत नाही. फुलं खालून दिसत होती. मग ऊन चढलं, चुना सुकू लागला आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेक फूल नाहीसं झालं. वाटभर जो भेटेल त्याला "ख्रिस्त उठला!" म्हणत आलो होतो, पण त्या फाटकाशी सगळे थबकलो. शेवटी साव्काच्या आईने टोपी काढायला नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि दोघं पालाझ्कापुढे वाकली, मयताच्या घरी वाकतात तशी. मग एकेक करून सगळेच वाकले. मीसुद्धा.

पालाझ्का शेवटचं पान दिसेनासं होईपर्यंत उभी होती. मग तिने हातातला सणाचा पाव ओट्यावर ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "गेला माझा तिमिश. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"आई, मी..." वुस्त्या पुढे झाली.

"कोणाची आई? मुलगा नाही तर सून कुठली? तुझी पेटी उचल आणि बापाकडे चालती हो. पोर माझ्या मुलाची आहे, ती इथेच राहील."

वुस्त्याने पाय धरले. पालाझ्काने ते शांतपणे सोडवून घेतले, चिखल झटकावा तसे. गावातलं कोणी मध्ये पडलं नाही, कारण बापाची पोर बापाच्या घरी, हा रिवाज आम्हीच पाळत आलो आहोत. मला त्या दिवशी आमची सगळ्यांची शिसारी आली.

वुस्त्याला वाटलं, पोरीचं लग्नानंतर बघू, आधी पाद्रीबाबांकडून प्रार्थना तरी म्हणवून घेऊ. तिथेच ती चुकली. ईस्टरचा पूर्ण आठवडा मेलेल्यांसाठी प्रार्थना होत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण घाईत बिचारीला सुचलं नाही. "आठवडा सरू दे," बाबा म्हणाले, "मंगळवारी येतो."

पालाझ्काला मात्र सुचलं होतं. आठवडाभर सणामुळे काम वर्ज्य म्हणून ती हात बांधून बसली. सोमवारी सकाळी अंड्याच्या बलकात रंग कालवून ती भिंतीला भिडली. दुपारी पाद्रीबाबा रस्त्याने आले, थांबले, नकारार्थी मान हलवली आणि पुढे गेले. साव्काच्या आईनेही पाहिलं. संध्याकाळच्या आत साव्काचा नकार वुस्त्याच्या बापाच्या घरी पोचला. आता ती नवरा असलेली, घर सोडून गेलेली बाई झाली होती.

वुस्त्या धावत आली. फाटकाला आतून कडी होती. पालाझ्का ओरिष्काला मांडीवर घेऊन भिंतीजवळ बसली होती. ती पोरीचं बोट लाल रंगात बुडवायची आणि भिंतीवर टेकवायची. दर टेकवण्याला कालिनाच्या झुडपाचं एक लालचुटूक फळ उमटत होतं.

"ओरिष्का! राणी, इकडे ये!"

पोरीने मान वळवली. हात मात्र भिंतीवरून काढला नाही.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "बाबा येणार आहेत, आणि त्यांना तू आवडत नाहीस. आजी म्हणाली."