त्र्याहत्तरावा खडा

मित्रांनो, मी एक संख्या आहे. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. वांगणीतल्या एका कुडाच्या भिंतीवर मला तांदळाच्या पिठाने लिहिले होते: ७३९३९१३३.

एक आणि मी स्वतः, यांखेरीज कोणत्याही संख्येने मला पूर्ण भाग जात नाही. अशांना मूळ संख्या म्हणतात. त्या पुष्कळ आहेत. पण माझा उजवीकडचा शेवटचा अंक पुसा, उरेल तीही मूळ संख्याच. पुन्हा पुसा, पुन्हा तेच, थेट सात उरेपर्यंत. असे वागणारी माझ्याहून मोठी संख्या नाही.

उज्ज्वलाबाईंनी मला सातवीच्या फळ्यावर लिहिले. जिवलीने मला घरच्या भिंतीवर उतरवले, ते बापाने पाहावे म्हणून.

भात झोडून झाले की तिचा बाप, भिका, बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जातो. यंदा तान्ह्या भावाला सांभाळायला त्याला जिवलीही हवी होती. तिला रुपीआत्याकडे राहून शाळेत जायचे होते.

"कसला आकडा हाय ह्यो?" भिकाने विचारले.

"ह्याच्या एकसारख्या चवडी लागत नाय, बा."

भिका हसला. "जलम विटा रचण्यात गेला माझा. चवडी लागत नाय असा ढीग नसतो, पोरी."

"मग लावून दाव. लागल्या तं येते भट्टीवर. नाय लागल्या तं मी हितंच."

"चल. पण एवढा मोठा नको. अंगणात मावंल असा आण."

तिने माझे शेपूट खुडत खुडत मला त्र्याहत्तरवर आणले आणि अंगणात तेवढे खडे ओतले. भिकाने इमानाने रचले. चारांच्या रांगा लावल्या, पाचांच्या लावल्या, सातांच्या लावल्या. कधी एक उरे, कधी तीन. आठांच्या नऊ रांगा नीट बसल्या आणि पुन्हा एक खडा उरला.

"हरलास रं भिका," रुपीआत्या दारातून म्हणाली. "विटा रचून रचून डोक्याचीबी वीट झाली तुझ्या."

भिकाने उरलेला खडा उचलला आणि कुंपणापलीकडे भिरकावला.

"फुटकी वीट धर ती. भट्टीवर येखादी फुटकी धरत्यातच. आता लागल्या का नाय चवडी?"

"फुटकी नव्हती, बा. चांगली होती."

"कपडं बांध," तो म्हणाला.

तो लबाड नव्हता. भट्टीवर त्याला हेच शिकवले होते: चवड सरळ दिसली पाहिजे, उरेल ते बाजूला टाकायचे. जिवलीने कपडे बांधले. जाताना तिने भावाला कडेवर घेतले आणि माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

आता माझ्या भिंतीशी रुपीआत्याची शेळी बांधतात, उजवीकडच्या खुंटाला. तिला पीठ आवडते. तिने माझे शेवटचे दोन्ही तीन चाटले, मग एक, मग नऊ. दर वेळी मी मूळ संख्याच राहिले. ते ताडून पाहायला घरात कोणी नव्हते. दावे सैल झाले तशी ती पुढे सरकली. आज माझा फक्त सात उरला आहे. मध्यंतरी उज्ज्वलाबाई चौकशीला आल्या होत्या. भिंतीवर उरलेले अंक त्यांनी वाचले आणि त्या परत गेल्या.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. माझे सारखे भाग कोणालाच करता येत नाहीत. पण ढीग रचताना एखादा उरला, तर भिरकावण्याआधी तो हातात धरून नीट बघा. तो खडा अजून कुंपणापलीकडे पडला आहे. त्याला साधा तडाही गेलेला नाही.