मेणबत्ती विझली की माझं काम सुरू

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. रुंद तोंडाची, जाड बुडाची, घट्ट झाकणाची. माझी पहिली नोकरी दुकानात होती. माझ्या पोटात लिंबाच्या गोळ्या असत आणि काचेवरचे मुलांच्या बोटांचे ठसे पुसता पुसता दुकानदार आजोबांच्या नाकी नऊ येत. त्यांनी दुकान बंद केलं, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी मला आपल्या कामावर नेलं. त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. तिथे सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

गोळ्यांच्या जागी आता जंतू येणार हे कळल्यावर मला धडकीच भरली. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक जंतू आहे. ताप, उलट्या, आखडलेली मान, आणि एका दिवसात होत्याचं नव्हतं. एवढा दुष्ट, पण त्याचे लाड मात्र जावयासारखे! त्याला ऊब हवी, ओलावा हवा आणि खायला गरम करून तपकिरी केलेल्या रक्ताची तबकडी हवी. या तबकडीला प्रयोगशाळेत ‘चॉकलेट’ म्हणतात. कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर त्यानं ते गिळून टाकावं. शिवाय आपली साधी हवा या पाहुण्याला मानवत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त लागतो. म्हणून ताई माझ्या तळाशी ओला कापूस घालत, तबकड्या रचत, वर छोटीशी मेणबत्ती पेटवत आणि झाकण लावत. ज्योत थोडा वेळ जळे आणि आपोआप विझे. ती विझली की हवा जंतूला हवी तशी झालेली असे. मग मी उबदार कपाटात जाऊन बसे.

शत्रूला कशाला खाऊपिऊ घालायचं, असं तुम्ही विचाराल. या जंतूची बरीच घराणी आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. आमच्या छोट्या प्रयोगशाळेत घराणं ओळखायला जंतू जिवंतच लागे.

पुढे हवा आणि ऊब दोन्ही सांभाळणारं मोठं यंत्र आलं आणि मी कपाटाच्या डोक्यावर गेले. माझ्यात रबरबँड आणि वाळलेली पेनं जमली. मला वाईट वाटलं नाही म्हटलं, तर ते खोटं होईल.

एका वर्षी ते यंत्र बंद पडलं. त्याचा सुटा भाग यायचा होता, आणि नेमकी तेव्हाच मुलींच्या एका वसतिगृहात साथ सुरू झाली. पहिल्या मुलीच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून डॉक्टरांनी तपासायला पाठवलं. ते घेऊन आले आमचे ड्रायव्हरकाका. त्यांची स्वतःची लेक त्याच वसतिगृहात, आजारी मुलीपासून तिसऱ्या खाटेवर झोपत होती.

काकांनी आपला बर्फाचा डबा टेबलावर ठेवला. “बघा ताई, बर्फ जसाच्या तसा आहे.”

ताईंचा चेहरा उतरला. “काका, बर्फात ठेवलंत?”

“मग? खराब झालं असतं ना! वीस वर्षांत एक नमुना वाया जाऊ दिला नाही मी.”

“बाकीच्यांना थंडी चालते हो. हा जंतू थंडीनं मरतो.”

तरीही ताईंनी मला घासूनपुसून घेतलं, मेणबत्ती लावली. दोन दिवस गेले, तबकडी कोरीच राहिली. नमुन्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली जोडीजोडीनं बसलेले मेलेले जंतू दिसत होते, पण त्यावरून घराणं काही कळेना. तिकडून लसवाले विचारत होते, कोणती पाठवू?

काका बाकावर डोकं धरून बसले. “माझ्याच हातानं घात केला मी. पोरीला काय तोंड दाखवू?”

“चूक आमची आहे,” ताई म्हणाल्या. “बाटलीवर तशी चिठ्ठी लावायला हवी होती.”

त्याच दिवशी दुसऱ्या मुलीला ताप भरला. तिच्या कण्यातल्या पाण्याची बाटली काकांनी डबीत बंद करून, कापसात गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवली आणि गाडीच्या काचा लावून घेतल्या. पोहोचले ते घामानं निथळत. माझ्यात मेणबत्ती पेटली, विझली. मी जीव मुठीत धरून बसले.

सकाळी ताईंनी झाकण उघडलं आणि त्या ओरडल्याच, “काका, आला हो!” तबकडीवर करडे, चकचकीत ठिपके उगवले होते. काचपट्टीवर घराणं ओळखायच्या द्रावणाच्या एका थेंबात ते मिसळताच गुठळ्या धरल्या आणि घराण्याचं नाव उघड झालं. ताईंनी लगेच फोन केला. तिसऱ्या दिवशी लस आली, ती काकांच्याच डब्यातून. लशीला मात्र थंडीच लागते, त्यामुळे काकांचा बर्फ कामी आला.

दुसरी मुलगी वेळेवर आली म्हणून ठणठणीत बरी झाली. पहिली वाचली, पण तिचा एक कान गेला. डॉक्टरांनी तिच्या आईला समजावलं, “जंतू मेले, पण त्यांच्याशी लढताना शरीरानं जी सूज आणली, तिची झळ कानाला बसली.” ती आई बराच वेळ लेकीचा हात धरून बसली होती, असं काका सांगत होते.

बाकीच्या मुलींना टोचून झालं. संसर्ग रोखायच्या गोळ्याही दिल्या होत्या. पण लस अंगी लागायला दिवस जातात. ते दिवस काकांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. फोन वाजला की ते दचकत. पंधरा दिवसांनी ते वसतिगृहावरून आले आणि दारातच उभे राहिले. मोकळे दोन्ही हात पुढे करून म्हणाले, “ताई, आज काही आणलं नाही.” आणि हा भला मोठा माणूस ढसाढसा रडला.

मित्रांनो, मला निवडणाऱ्या ताईंचे, चूक कबूल करणाऱ्या काकांचे, दंड पुढे करणाऱ्या त्या सगळ्या मुलींचे माझ्यावर फार उपकार आहेत. तेव्हापासून सात वर्षं झाली, तो जंतू माझ्यात आलेला नाही. टोचायची पाळी आली तर दाराआड लपू नका. ताप येऊन मान आखडली तर घरच्यांना लगेच सांगा, उद्यावर टाकू नका. बरणीनं असं मागणं बरं दिसत नाही, तरी मागते: मला रिकामीच राहू द्या.