निरोगी माणूस हवा

नवं यंत्र आलं की पहिली पंचाईत होते ती निरोगी माणसाची. आमच्या विभागात येतात ते सगळे हात बधिर झालेले, पाय ओढत चालणारे, जिना चढताना कठड्याला लटकणारे. त्यांच्या मज्जातंतूंतून विजेचा छोटा झटका सोडून तो किती वेगाने पोचतो ते आम्ही मोजतो, आणि स्नायूत बारीक सुई घालून त्याचा आवाज स्पीकरवर ऐकतो. पण बिघडलेलं ओळखायचं तर धडधाकट कसं दिसतं हे आधी त्या यंत्रावर बघून ठेवावं लागतं. मग नातेवाइकांची धरपकड सुरू होते. विभागातल्या बहुतेकांच्या मेहुण्यांना आणि शेजाऱ्यांना माझ्या सुया टोचून झाल्या आहेत. हल्ली मी दिसले की ती मंडळी रस्ता बदलतात.

त्या संध्याकाळी नवरा मला घरी न्यायला आला आणि आयताच तावडीत सापडला.

"नुसता बसून काय करतोस? चढ त्या पलंगावर."

"दुखेल का गं?"

"छे, मला अजिबात नाही दुखत."

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. मुलांनी त्याचं नाव 'डिंक सर' ठेवलंय. बक्षीस समारंभात पाहुण्यांचं भाषण लांबतं, हा गारठलेल्या सभागृहात ताटकळत उभा असतो, आणि मग पहिल्या नंबरच्या मुलाशी हात मिळवतो तो काही केल्या सोडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाले सुखरूप सुटतात. आमची चौदा वर्षांची लेक त्याच शाळेत आहे, त्यामुळे ही नक्कल आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर चवीने होते. सगळ्यात मोठ्याने मी हसते.

झटक्यांची परीक्षा त्याने मुकाट्याने दिली आणि उत्तम पास झाला. मग मी त्याच्या कोपराखालच्या स्नायूत सुई घातली. हात सैल सोडलेला असला की निरोगी स्नायू गप्प बसतो. सुई हलवली की क्षणभर खरखर होते आणि पुन्हा सगळं शांत. इथे सुई जराशी हलली आणि स्पीकरमधून मोटारसायकल सुरू झाली. कोणीतरी उभ्या गाडीचा कान पिळावा तसा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला.

मी ताबडतोब कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. "काय भंगार गळ्यात मारलंय आमच्या? कुठून तरी वीज घुसतेय आत." तो बिचारा म्हणाला, वायर बदलून बघा. बदलली. प्लग दुसरीकडे लावला, दिवे बंद केले, पलंग भिंतीपासून ओढला. मोटारसायकल चालूच. शेवटी वैतागून नवी सुई काढली आणि माझ्याच हातात खुपसली. स्पीकर एकदम गप्प. म्हणजे यंत्र ठीक होतं.

मोटारसायकलचा हा आवाज मी दरवर्षी विद्यार्थ्यांना ऐकवते. झोपेतून उठवलं तरी ओळखता आला पाहिजे, असं दरडावूनही सांगते. आणि मी इंजिनिअरला झापत बसले होते, कारण समोर नवरा होता आणि त्याला मी निरोगी माणूस म्हणून बोलावलं होतं.

"मूठ आवळ. घट्ट. हं, आता पटकन सोड."

बोटं सावकाश उघडली. अंगठा सगळ्यात शेवटी निघाला.

"थंडीत होतं असं," तो म्हणाला. "सगळ्यांचंच होतं."

"सगळ्यांचं होत नाही. कधीपासून?"

"लहानपणापासून. बाबांचंही व्हायचं की. थोडा वेळ उघडझाप केली की सुटतो हात."

मी त्याला उघडझाप करायला लावली. खरंच, चार-पाच वेळा केल्यावर मूठ माझ्यासारखीच चटकन उघडायला लागली. पहिल्या नंबरचं पोर का अडकतं आणि बाकीची का सुटतात ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

सैल व्हायला उशीर करणारे स्नायू दोन तऱ्हेच्या आजारांत सापडतात. एक सौम्य. हात-पाय थोडे आखडतात, थंडीत जास्त, वापरले की मोकळे होतात, आणि माणूस आपलं आयुष्य सुखाने जगतो. दुसरा असाच मुठीपासून सुरू होतो, पण तिथे थांबत नाही. पुढे स्नायू झिजतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतात, हृदयाचे ठोके चुकायला लागतात. शिवाय तो मुलांत उतरला तर आई-बापापेक्षा लवकर येतो आणि जास्त छळतो. नुसत्या आवाजावरून दोन्ही वेगळे काढायची माझी छाती नव्हती. रक्त तपासणीला पाठवलं. उत्तर यायला काही आठवडे लागणार होते.

ते आठवडे मी नवऱ्याकडे नवरा म्हणून बघितलंच नाही. त्याचं कपाळ मागे सरकलंय ते या वयात सगळ्यांचं सरकतं तसं, की आजारात सरकतं तसं? वह्या तपासताना पापण्या उतरतात ते कंटाळ्याने की स्नायूंनी? माझे सासरे दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले होते. कसलाही त्रास नाही, सोन्यासारखं मरण आलं, असं आम्ही सगळे म्हणायचो. आता त्या मरणाची मला धास्ती वाटायला लागली. हृदयाच्या डॉक्टर असलेल्या मैत्रिणीने नवऱ्याचा ईसीजी काढला. "आज तरी चांगला आहे," ती म्हणाली. त्या 'आज तरी'ने माझी झोप उडाली.

लेकीला मी दारातच पकडलं. "हात दे. घट्ट दाब. सोड."

तिने सोडला. लगेच सोडला की किंचित उशिरा, हे मला ठरवता येईना. मी पुन्हा हात पुढे केला.

"आई, तू घरात डॉक्टर होऊ नकोस हं, भीती वाटते."

"तिला सुई लावायची नाही," नवऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदाच आवाज चढवला. "आधी माझं काय ते कळू दे."

मी ऐकलं. खरं म्हणजे तिला सुई लावून तो आवाज ऐकायची माझ्यातही हिंमत नव्हती.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट मला आतून खात होती. इतकी क्षुल्लक की कोणाला सांगायची लाज वाटावी. आमची पहिली भेट एका मैत्रिणीने घडवून आणली होती. कडाक्याची थंडी होती. आम्ही भटकलो, मी अखंड बडबडले, हा ऐकत होता. बसथांब्यावर निरोपासाठी मी हात पुढे केला. त्याने धरला आणि सोडलाच नाही. माझी बस आली, थांबली, गेली. तोवर मला घरच्यांनी बघितलेला दुसरा मुलगा जवळजवळ पसंत होता. बस गेली आणि तोही माझ्या डोक्यातून गेला. पुढे लग्न झालं, लेक झाली, आणि आजही मी मैत्रिणींना मिरवून सांगते की हा माणूस हात सोडायलाच तयार नव्हता.

थंडी. पहिलीच पकड. सैल व्हायला वेळ. पुस्तकात जसंच्या तसं लिहिलंय. मी एका लक्षणाशी लग्न केलं होतं.

रिपोर्ट आला तेव्हा मी उभ्याने वाचला आणि मग बसून वाचला. सौम्य होतं. दुसऱ्या आजाराचा मागमूस नव्हता. लेकीत उतरलं असलं तरी तिची मूठ थोडी उशिरा उघडेल, इतकंच. फोनवर सांगवेना, म्हणून मी तडक शाळेत गेले. तास संपवून तो बाहेर आला. मी सांगितलं तसा तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतके दिवस हा माणूस माझ्यासमोर विनोद करत होता. घाबरला होता तो माझ्याइतकाच.

जरा वेळाने त्याने डोळे पुसले. "मग तुझा चेहरा का असा?"

"काही नाही."

"बोल."

"तो बसथांबा," मी म्हणाले. "मला वाटलं होतं, तुला मी आवडले. तो तुझा आजार होता. दुसरी कोणी असती तरी तिचा हात असाच अडकला असता."

तो हसायला लागला, तेव्हा मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

"अगं, तू डॉक्टर, त्यातून इतकी फटकळ. तुझ्यासमोर हात अडकला तर काय फजिती होईल, या धसक्याने मी त्या दिवशी सगळा वेळ खिशात मुठीची उघडझाप करत होतो. तू विचारलंसही, खिशात काय चाललंय म्हणून. आठवत नाही?"

आठवलं. मला वाटलं होतं, किल्ल्यांशी खेळतोय.

"हात मोकळा होता माझा," तो म्हणाला. "मला सोडायचा नव्हता."

"हे तुला इतक्या वर्षांत एकदा सांगता आलं नाही?" मी ओरडलेच. वरच्या वर्गातली मुलं खिडकीशी गोळा झाली. मग मला जे रडू फुटलं ते थांबेना, आणि तो घाबराघुबरा होऊन माझ्या हातातला रिपोर्ट ओढून घेऊन पहिल्यापासून वाचायला लागला.