नवऱ्याचा रब्बी मित्र
चर्चच्या पाळकांच्या बायकोला नवऱ्याचा तो रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू असलेला मित्र डोळ्यांसमोर नको असे. दर गुरुवारी तो घरी येई; दोघं शास्त्रावरून तावातावानं भांडत आणि मग पोट धरून हसत. बायकोशी बोलताना मात्र नवऱ्याच्या तोंडून ‘हं’पलीकडे शब्द फुटत नसे. बाईंचा नुसता जळफळाट होई.

त्या गुरुवारी त्यांनी चहाचे कप टेबलावर आदळलेच.

रब्बी म्हणाले, “वहिनी, येशूला त्याच्या ज्यू आईनं कोणती प्रार्थना शिकवली असेल, हा प्रश्न तुमचाच ना? मी म्हणतो, आमची. हे म्हणतात, मग ती आमचीही झाली. त्यावरूनच जुंपलीय!”

बाईंनी विचारलं तेव्हा त्या प्रश्नावरही नवऱ्यानं नुसतं ‘हं’ केलं होतं.

“प्रश्न माझा, आणि भांडता यांच्याशी?” बाई नवऱ्याला म्हणाल्या आणि खुर्ची ओढून दोघांच्या मधोमध बसल्या. “आता माझ्याशी भांडा.”