तेहतीस अंशांची ऊब

मित्रांनो, अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत बसलेला मी एक जुना फिरता ड्रम आहे. अंगावरची भोकं पाहून मला चाळणी समजू नका. त्या भोकांत एकेकाळी काचेच्या नळ्या बसायच्या आणि उबेच्या कपाटात मी त्यांना घेऊन गोल फिरायचो. फिरायचो कसला, सावकाश कूस बदलायचो म्हणा ना. प्रयोगशाळेत माझं नावच 'आळशीबुवा' पडलं होतं.

काम मात्र आळशाचं नव्हतं. प्रत्येक नळीच्या आतल्या भिंतीला जिवंत पेशींचा पातळ थर असे. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातला नमुना त्यात घालत. नमुन्यात विषाणू असला, तर काही दिवसांत पेशी गोल होत आणि भिंत सोडून गळून पडत. पण या सर्दीच्या विषाणूंचे नखरे फार. त्यांना अंगातली ऊब मानवत नाही, नाकातला गारवाच लागतो. म्हणून आमच्या कपाटाचा काटा तेहतीस अंशांवर असे.

मला सांभाळायच्या त्या ताई. रोज सकाळी कपाटाच्या दारावर तळवा टेकवायच्या आणि मग काटा बघायच्या. मी जरा कुरकुरलो की लगेच तेल मिळायचं. त्या तळव्याची मी रात्रभर वाट पाहायचो, हे आज सांगायला लाज कसली?

एकदा ताईंना दिवस भरण्याआधीच मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि नेमकं तेव्हाच ताईंना सर्दीनं गाठलं. नाकात विषाणू नाही असं कळेपर्यंत लेकीजवळ जायचं नाही, तोंड बांधूनसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईंच्या नमुन्याच्या नळ्या माझ्याकडेच आल्या. स्वतःचा नमुना स्वतः तपासायचा नाही असा नियम होता, म्हणून ते काम त्यांच्या सोबत्याकडे, दादांकडे गेलं. प्रयोगशाळा त्याच रुग्णालयात होती. बाळंतिणीच्या खोलीतून उठून ताई रोज दारापर्यंत यायच्या आणि लांबूनच माझ्याकडे बघत राहायच्या.

शेवटी दादा म्हणाले, "ताई, नळ्या स्वच्छ आहेत. जा, घे लेकीला."

ताईंचे डोळे भरून आले. निघता निघता आत येऊन त्यांनी सवयीनं दारावर तळवा टेकवला, आणि हात तिथेच राहिला. दार नेहमीपेक्षा गरम होतं. शेजारच्या विभागातल्या कुणीतरी आपल्या नळ्या खालच्या फळीवर ठेवताना काटा सदतीसवर नेला होता आणि तो परत आणायचा राहून गेला होता. एवढ्या उबेत ताईंच्या नाकातला विषाणू वाढायचा कसा? नळ्या स्वच्छ दिसणारच.

दादा पाठमोरे होते. काटा गुपचूप मागे फिरवला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मला ठाऊक होतं, पण मला कुठे तोंड आहे? ताईंनी एकदा बाहेरच्या दाराकडे पाहिलं, मग दादांना हाक मारली.

"दादा, काटा सदतीसवर आहे. पुन्हा लावायला हवं."

"अगं ताई, तुझं नाक तर आता कोरडं झालंय."

"असू दे. ती फार लहान आहे, दादा."

नवा नमुना तेहतीस अंशांवर लावला आणि पेशी गळून पडल्या. विषाणू अजून होता. ताई तिथल्या स्टुलावर बसून रडल्या. मला थांबावंसं वाटत होतं, पण थांबणं माझ्या हाती नव्हतं. त्यानंतरच्या नमुन्यात मात्र पेशी भिंतीला घट्ट चिकटून राहिल्या. काटा स्वतः दोनदा पाहून ताई धावत सुटल्या, चपला तिथेच राहिल्या.

पुढे एकदा प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराबाहेरून त्यांनी लेकीला उचलून मला दाखवलं. म्हणाल्या, "तो बघ आळशीबुवा. यानंच तुला-मला लांब ठेवलं." ती खुदकन हसली. मी तिला पाहिलं ते तेवढंच.

आता नवं यंत्र काही तासांतच विषाणू ओळखतं. बरं झालं, कुठल्या आईला आता माझ्या कूस बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. त्या यंत्राचा मला हेवा वाटत नाही. ताईंची मात्र फार आठवण येते. त्या निवृत्त झाल्या, तरी सकाळ झाली की अजून माझं लक्ष दाराकडे जातं.

मित्रांनो, तुम्हाला सर्दी झाली असेल आणि घरात तान्हं बाळ असेल, तर नाक कोरडं झालं तरी आणखी थोडे दिवस त्याला लांबूनच बघा. जवळ घ्यावंसं वाटेल, तेव्हा ताईंना आठवा. आणि कधी या खोलीत आलात, तर मला एकदा हातानं फिरवा. मी कुरकुरेन, रागावू नका. फिरवायला वेळ नसेल, तर जाता जाता नुसता तळवा टेकवा.